समुद्राचा कौल

नम्रता आपल्या गावी, शेणव्याला जीपमधून उतरली आणि बांधावरच थबकली. पुण्याहून येताना मुरबाडकडं भाताची रोपं वीतभर झालेली तिनं पाहिली होती. इथं मात्र पालापाचोळा भाजून रोपांसाठी तयार केलेले राब काळेच्या काळे, वर नुसतं पाणी तुंबलेलं. एकाचे नव्हे, अख्ख्या गावाचे.

“बा, पावसाआदी धूळवाफेवर पेरलं नाय तुमी?” तिनं बापाला विचारलं.

“तूच सांगितलंस ना गो,” कमळू म्हणाला. “कौल आलाय, पाऊस लांबनार. मंग कौल मोडून कोन पेरील?”

पुण्याच्या हवामान संस्थेत ती समुद्र आणि वारा यांचं गणित मांडायची. तिकडं प्रशांत महासागर तापला की आपला पाऊस रुसतो. कधी हिंदी महासागर मध्ये पडून त्याची समजूत काढतो. संगणक हे भांडण पुन्हा पुन्हा लावून बघतो. बहुतेक वेळा उत्तर आलं होतं, यंदा उशीर. बहुतेक वेळा, दर वेळी नव्हे. पण बापाला फोनवर एवढं कुठं सांगत बसायचं? “मॉडेलचा कौल उशिराचा आहे,” म्हणाली आणि मोकळी झाली. शिकलीसवरली पोर, आणि शब्द उचलला तो नेमका देवाचा! इथं भगत तांदळाचे दाणे बघून कौल देतो, तो कुणी मोडत नाही. गाव थांबलं, पाऊस वेळेवर आला. मग घाईघाईनं टाकलेलं बी चिखलात कुजलं आणि वर्षाचा भात गेला.

“बा, तो देवाचा कौल नव्हता. अंदाज होता. माझं चुकलं.”

दोघं घरी पोचली तोवर ओटीवर माणसं जमली होती. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. शेजारची सकुबाई, तिच्या आजीच्या वयाची, जवळ आली.

“रडू नको गो. कौल चुकत नाय, आमचंच काय तरी चुकलं असंल. डोंगराला मान देत आलो, समुंदराला कदी दिला नाय आमी.”

मग सकुबाई घरी जाऊन पाय बांधलेली कोंबडी घेऊन आली.

“तुज्या मशिनीत समुंदर दिसतो ना? त्याला दे ही. आनि आमच्यासाठी परत इचार.”

नको म्हणायला नम्रतानं दोन्ही हात पुढं केले. सकुबाईनं त्या हातांतच कोंबडी ठेवली, पदर डोईवर घेतला आणि तिच्या पायाशी वाकली.