उलटा मास्क

कारखान्याच्या स्टोअरवालीने कपाटातून मास्कची पेटी काढली आणि जीन्स घासून फिकट करणाऱ्या बायकांना एकेक वाटत सुटली.

"संध्याकाळी परत द्यायचे हं. हरवू नका."

"मग आमची तोंडंच कपाटात ठेव ना!" तिची धाकटी बहीण म्हणाली. सगळ्या हसल्या. धाकटीचं हसू मात्र खोकल्यात गेलं. दहा महिन्यांपूर्वी थोरलीनेच शब्द टाकून तिला इथे चिकटवली होती.

कापड घासताना निळी धूळ उडे. ती कामगारांच्या छातीत जाता कामा नये, अशी परदेशी गिऱ्हाइकाची अट होती. अट मोडली तर ऑर्डर दुसऱ्या देशात. म्हणून गिऱ्हाइकाचा तपासनीस यायचा त्या दिवशी, वर्षातून एकदा, मास्क बाहेर निघत. एरवी मॅनेजर म्हणे, मास्क लावला की हात मंदावतात.

तपासनीस आला. फिरत फिरत धाकटीपुढे थांबला. तिने मास्क उलटा लावला होता. नाकावर बसायची तार हनुवटीखाली आली होती. त्याने स्वतःच्या नाकावर बोट टेकवून दाखवलं. धाकटीने घाईघाईने मास्क फिरवला. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

तपासनीस स्टोअरवालीकडे वळला. मॅनेजरने त्याचा प्रश्न मराठीत सांगितला, "रोज लावतात का, विचारताहेत."

खरं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चारशे चुली त्या एका शब्दावर होत्या, आणि त्यातली एक बहिणीची.

"रोज," ती म्हणाली.

त्याने धाकटीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि सही केली. त्याचीही कुठेतरी चूल असेलच.

सुटी झाल्यावर धाकटीने मास्क आणून दिला. आतून पांढरा, बाहेरून निळाकाळा. एका दिवसाची धूळ. थोरलीला स्वतःचीच लाज वाटली.

"हा तू ठेव. मी सांभाळून घेईन."

"आणि बाकीच्यांसमोर मी एकटीच लावून बसू? नको बाई." धाकटीने रुमालाने तोंड पुसलं. "ताई, गंमत सांगू? आज थुंकी पांढरी पडली. रोजच्यासारखी निळी नाही."

थोरली पेटीतले मास्क उगाच सारखे करत राहिली.

"परत कधी येणार गं तो साहेब?"

थोरलीने पेटीचं झाकण लावलं.

"पुढच्या वर्षी."