तीन हिरवे ठिपके

आचारसंहिता लागली की सायलीला गाढ झोप लागायची. निवडणूक कुठलीही असो, परवान्याचं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागे, आणि तेवढे दिवस नवऱ्याचं, पृथ्वीराजचं पिस्तूल घराबाहेर राही. दूध केंद्राची रोकड शिरूरला बँकेत न्यायची म्हणून त्यानं परवाना काढला होता. निकाल लागले, गुलाल उधळून झाला, पिस्तूल परत कपाटावर आलं आणि सायलीची झोप गेली ती गेलीच.

त्यात यंदा उसात बिबट्या. शेजारच्या वस्तीवरचं वासरू त्यानं नेलं, पुढच्या आठवड्यात कुणाचं तरी कुत्रं थेट पडवीतून. शेतीची लाईट रात्रीची, म्हणजे पाणी धरायला पृथ्वीराजला अंधारातच जावं लागणार. तो बाहेर पडला की ती दाराची कडी पुन्हा पुन्हा चाचपायची. परत आला की पिस्तूल कपाटावर कसं ठेवलंय ते बघायची. बाहेर बिबट्याची भीती, घरात पिस्तुलाची. आणि दोन्हींच्या मधे त्यांचा तीन वर्षांचा माऊली. दिसेल त्याला हात लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"अंधारात माशीच दिसत न्हाई गं," पृथ्वीराज म्हणाला. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट. "बिबट्याला मारायचं न्हाई, ते कळतंय मला, जेलात जायचं न्हाई. पर हवेत बार काढायचा तरी कुठं रोखलंय ते समजाया नको? अंधारात चमकणाऱ्या साईट मिळत्यात आता. तू निवड. एन.सी.सी.वाली हायस."

दौंडला कॉलेजात असताना कॅम्पमध्ये तिनं रायफल चालवली होती आणि तिच्या गोळ्या एका वाटीत मावतील एवढ्या जवळ लागल्या होत्या. ते तो साऱ्या वस्तीला सांगत फिरायचा.

सायलीनं मोबाईलवर सगळं वाचलं. साईट दोन तऱ्हेच्या होत्या. एकीला जुन्या घड्याळाच्या काट्यांसारखा रंग. तिच्यावर उजेड पाडला की थोडा वेळ चमकायची, मग विझायची. दुसरीत काचेच्या बारीक नळ्यांत भरलेला वायू. ती आपली आपण चमकत राहणार, दिवसरात्र, वर्षानुवर्षं.

"पहिली घ्या," ती म्हणाली.

"विझणारी? मग घ्यायचीच कशाला?"

"अहो, आत्ता अंधारात कपाटावर काय आहे ते माऊलीला दिसत नाही. उद्या ते रात्रभर चमकत बसलं तर?"

"कपाटावर हात पुरतो व्हय त्याचा?"

"आज नाही पुरत."

"खुर्ची ओढतोय की आता," आतून सासूबाई, साखरबाई म्हणाल्या. "परवा गुळाचा डबा कुणी काढला? मी?"

"पोरगं हाय का माकड," पृथ्वीराज हसला. "तुझं आपलं कायतरीच, सायले. सावलीला भ्यायचं."

आणि पुण्याला जाऊन, बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून, तो दुसरीच बसवून आला.

परतला तेव्हा दुपार होती. साखरबाई गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होत्या. "तोंड पाडू नको," तो म्हणाला. "न आवडली तर बदलून देतो म्हणलाय तो. आधी बघ, मग बोल."

धान्याच्या खोलीला खिडकी नव्हती. दार लावलं की भर दुपारी तिथं डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे. पृथ्वीराजनं पिस्तुलातलं गोळ्यांचं मॅगझिन काढून तिच्यासमोर धरलं. "हे बघ. पिस्तूल रिकामं." त्यानं ते खिशात टाकलं आणि पिस्तूल बाजरीच्या अर्धवट भरलेल्या पोत्यावर ठेवलं, नळी भिंतीकडं. सायलीच्या कडेवरचा माऊली बापाकडं झेपावला. तिनं त्याला दिलं. पृथ्वीराजनं पायानं दार लोटलं, कडी घातली.

मिट्ट काळोख. आणि त्या काळोखात, एका ओळीत, तीन हिरवे ठिपके.

"काजवा!" माऊलीचा आवाज आला.

"बघ, पोराला आवडलं," पृथ्वीराज म्हणाला. "आता बोल."

खोटं कशाला बोला, तिलाही आवडलं. मधला ठिपका माशीचा, बाजूचे दोन मागचे. तिचा एक डोळा आपोआप मिटला. कॅम्पात ढगाळ पहाटे असं काही मिळालं असतं तर! पण लगेच मनात आलं ते तिनं बोलून टाकलं. "आपली माशी दिसली. बिबट्या कुठं दिसतोय?"

"त्याचे डोळे चमकत्यात की."

"ते बॅटरीचा झोत पडल्यावर. उजेडच नसला तर काय चमकणार? मग बॅटरीच मोठी घ्या ना."

"एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, आन् हे काय दातात धरू?"

तिला हसू आलं. तेवढ्यात ठिपके हलले. एक दिसेनासा झाला. मग उरलेले दोन.

"आयला, गेलं की!" पृथ्वीराज म्हणाला. "फसवलं बेट्यानं. वर्षानुवर्षं म्हणत होता."

सायलीला ते पटेना. ते विझत नाहीत. आपण वाचलंय. ते फक्त पिस्तुलाच्या मागून दिसतात; समोर उभ्या असलेल्याला दिसत नाहीत, दिसू नयेत अशीच त्यांची घडण. ते दिसत नसतील तर आपण समोर आहोत.

"माऊली तुमच्याकडं आहे ना?"

"तुझ्याकडं न्हाई? कडी घालताना खाली सोडला, तुझ्याकडंच..."

"दार उघडू नका." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. उजेडानं दचकला तर मूठ आवळेल. तिनं नवऱ्याला दंडाला धरून बाजूला ढकललं आणि भिंतीकडेनं गुडघ्यांवर सरकू लागली. "माऊली, काजवा सापडला का रे बाळा?"

"माजाय."

"तुझाच आहे. पण त्याला दाबायचं नाही हं. दाबला की मरतो तो."

"मलतो?"

"मरतो. त्याला झोप आलीय. पोत्यावर निजव बरं त्याला."

"नाई."

गुडघ्यांखाली बाजरीचे दाणे रुतत होते. मागं पृथ्वीराजचा श्वास ऐकू येत नव्हता. पोरगं कुठं बघतंय, नळी कुठं वळलीय, कशाचा पत्ता नाही. तिनं हात पुढं केला, पोतं लागलं, मग मऊ कोपर. आणि एकदम, डोळ्यांच्या अगदी जवळ, तीन हिरवे ठिपके. तिला रडूच फुटायचं बाकी होतं. ती पिस्तुलाच्या मागं पोचली होती.

तिनं मनगट धरलं, एक एक बोट सोडवलं, पिस्तूल पोत्यांच्या थप्पीकडं वळवून धरलं. "उघडा आता."

दार उघडलं. मॅगझिन काढलेलंच होतं. तरी कॅम्पातली सवय, रिकामं म्हटलेलंही उघडून बघायचं. तिनं वरचा भाग मागं खेचला.

पितळी गोळी टणकन उडाली आणि पोत्यांच्या फटीत पडली.

पृथ्वीराज उंबऱ्यावर टेकला. म्हणाला, "येताना ओढ्याजवळ म्हस्कूआप्पा भेटले. म्हणाले, सकाळीच दिसलाय. म्हणून एक वर चढवून ठेवली. घरी आलो... मॅगझिन काढलं, ती नळीतच राहिली."

"काजवा दे," माऊली भोकाड पसरून रडत होता.

साखरबाई धावत आल्या. "काय झालं गं? का रडतंय लेकरू?"

"आई, याला घ्या." सायलीनं पोर त्यांच्याकडं दिलं आणि नवऱ्याकडं वळली. "कुठली साईट ठेवायची ते विचारत होतात ना? कुठलीच नको. चला ठाण्यात, हे जमा करायचं."

"आचारसंहिता उठली की आता."

"पुन्हा लागली असं समजा."

त्यानं वर बघितलं. मग हळूच म्हणाला, "आन् पाण्याला?"

"मोठी बॅटरी घेऊ. मी धरीन. फावडं तुम्ही धरा."

"तू येनार? उसात? सावलीला भितीस की."

"भीतच येईन."

ते ठाण्यातून परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. सायलीनं माऊलीला मांडीवर घेतलं आणि तेवढ्यात लाईट गेली. पृथ्वीराज काडेपेटी शोधू लागला. तिची नजर कपाटावर गेली. ठिपके नव्हते. नसणारच, तीच पिस्तूल ठाण्याच्या टेबलावर ठेवून आली होती, डोळ्यांनी बघितलं होतं.

तरी दिवा लागेपर्यंत माऊलीच्या दोन्ही मुठी तिनं आपल्या हातांत घट्ट धरून ठेवल्या.