दर्याकडे पाठ करून

मी एक जुनी मॅटाडोर गाडी आहे. वरळी कोळीवाड्याच्या तोंडाशी, सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, नाकाला रुमाल लावायचा असेल तर खुशाल लावा, मला राग येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला वळण लावलं ते जगन तांडेलने. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. होडी किनाऱ्याला लागली की तो मासळी माझ्यात भरायचा आणि त्याची बायको तुळसा टोपल्या सांभाळत मागे बसायची. दादर, परळ, लालबाग असा आमचा फेरा असे. लालबागच्या एका चाळीत शांती नावाची एका गिरणीतल्या विणकराची बायको राहायची. तिची आणि तुळसाची अशी गट्टी जमली, की मासळी बाजूला राहायची आणि गप्पांना ऊत यायचा. मी आपली बाहेर ताटकळत उभी.

मग गिरण्यांचा संप झाला. महिने गेले तरी भोंगा वाजेना. शेवटी शांतीच्या घरच्यांनी चाळीतला संसार आवरला आणि ते साताऱ्याकडच्या आपल्या गावी निघाले. त्यांच्या ट्रंका एसटी स्टँडवर मीच पोचवल्या. "घाटावर ये गं एकदा," एवढंच शांती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

वर्षं गेली. जगनच्या मुलांनी नवा टेम्पो घेतला आणि माझ्या टपावर जाळी वाळू लागली. चाकांतली हवा गेली. एका कोंबडीने तर माझ्या पुढच्या सीटवर अंडी घातली! अशात एका पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, जगनच्या मनाने घेतलं, की मला राहती गाडी करायची आणि नवरा-बायकोने लांबच्या सफरीला जायचं.

चाकांत हवा भरली आणि तयारी सुरू झाली, तीही होडी दर्यात न्यायची असावी तशी. निजायला फळ्या ठोकल्या, चुलीसाठी वाळूचं खोकं आलं, गोड्या पाण्याची पिंपं आली. वाटेत जागोजाग नळ असतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. नांगरसुद्धा चढवला, मित्रांनो! मला हसू येत होतं, पण बऱ्याच दिवसांनी नटायला मिळत होतं, म्हणून मी गप्प बसले.

बेत मात्र जगनने एकट्याने ठरवला. रत्नागिरी, गोवा, थेट कन्याकुमारी, सगळं किनाऱ्याकिनाऱ्याने. तुळसाला तर शांतीच्या गावी जायचं होतं. ती रोज विषय काढायची, तो रोज टाळायचा. आपल्या मैत्रिणीची याला काही किंमतच नाही, असं वाटून तिने अबोला धरला. फळ्यांवर अंथरायला शिवायला घेतलेली गोधडीही तिने अर्धी टाकली. आता सफरच रद्द होणार, म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

शेवटी माझ्या पायरीवर बसून जगनने खरं कारण सांगितलं. समुद्र उजव्या हाताला असला की त्याला दक्षिण कळायची. घाटावर गेलं की सगळं सारखंच.

"दर्या दिसला नाय तं मना वाट गवनार नाय," तो खाली मान घालून म्हणाला.

तुळसाने गोधडी पुन्हा हातात घेतली.

"दर्यान इचाराला कोन नसतं," ती म्हणाली. "रस्त्यान मानसं हायेत. आपुन इचारू."

आणि त्यांनी विचारलं. शीवला डोक्यावर मोठा फलक होता, तरी जगनने मला थांबवून एका केळीवाल्याला सातारा विचारला. पुढे टोलनाक्यावर, चहाच्या टपरीवर, बैल धुणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. काहींनी चुकीचं सांगितलं, एकाने जेवू घातलं. माझं इंजिन दोनदा तापलं, पण घाट मी चढले.

शांतीच्या दारात दोघी मैत्रिणी हातात हात घेऊन माझ्या पायरीवर बसून राहिल्या. जगन मात्र गावभर फिरून शेवटी विहिरीच्या काठावर जाऊन बसला. पाणी दिसल्यावर त्याला बरं वाटलं.

मित्रांनो, जुनी गाडी भंगारात काढण्याआधी तिच्या चाकांत हवा भरून बघा. आणि तुमच्या घरात कुणी एकाच गावाचं नाव पुन्हा पुन्हा घेत असेल, तर त्या माणसाला आजच गाडीत बसवा. कारण तुळसाला पाहून शांतीने पहिलं काय म्हटलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"लई उशीर केलास गं."