घरचा पंच

चौतीस वर्षं मोजणीदार म्हणून जमिनी मोजत फिरल्यावर माणसाचा माणसावरचा विश्वास उडाला नाही तरच नवल. सुदर्शनराव गावंडे यांनी हद्दीचे दगड चालताना पाहिले होते. यंदा इथं असलेला दगड पुढच्या उन्हाळ्यात चार हात पलीकडे जाऊन बसलेला असे, आणि त्या दगडाच्या बाजूनं देवाची शपथ घेणारे सज्जनही हजर असत. पंचनाम्यावर सही करायला कुणी बायकोला नाहीतर मेव्हण्याला पुढं केलं, की सुदर्शनराव कागद बाजूला सारत आणि म्हणत, "घरचा पंच चालत नाही." हे वाक्य पैठण रस्त्यावरच्या गावांत इतकं मुरलं होतं की पोरं गोट्या खेळतानासुद्धा ते एकमेकांना ऐकवत.

निवृत्तीनंतर मुकुंदवाडीच्या घरात बसून त्यांनी या सगळ्याचं पुस्तक लिहिलं. बावीस प्रकरणं, सगळी हातानं. पहिला प्रकाशक पुण्याचा. त्यानं आठ महिने ठेवून 'सध्या आमच्या योजनेत बसत नाही' अशा चिठ्ठीसह बाड परत पाठवलं. सातव्या प्रकरणावर चहाचा डाग होता. न आवडलेलं लिखाण कोणी चहा पीत वाचतं का? म्हणजे आवडलंय, उतरवूनही घेतलंय, अशी सुदर्शनरावांची खात्री झाली. दुसऱ्या प्रकाशकानं फोन उचलणंच सोडलं. त्यानंतर वर्षभर ते रविवारच्या पुरवण्यांमध्ये आपली वाक्यं शोधत होते. एकही सापडलं नाही, तेव्हा चोर हुशार आहे एवढंच त्यांनी ताडलं.

मग त्यांनी औरंगपुऱ्यातल्या एका बोळात छोटं प्रकाशन चालवणाऱ्या अन्सारभाईंकडे पहिली पाच प्रकरणं दिली. पंधरा दिवसांत फोन आला. "साहेब, छापू आपण ही किताब. बाकीचं घेऊन या. वाचताना लई मजा आली."

आनंदानं त्यांना जेवण गेलं नाही. आणि हात धुता धुता शंका आली: पंधराच दिवसांत? एवढी घाई कशाची? दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो. सुदर्शनराव माठातलं पाणी फुंकायला लागले होते.

बाड द्यायच्या दिवशी त्यांनी बाविसावं, शेवटचं प्रकरण काढून घेतलं. अनुक्रमणिका नव्यानं लिहून एकविसावर थांबवली. कोणी पुस्तक चोरलंच, तर त्याचा शेवट कुणाच्या घरात आहे हे कोर्टात दाखवता येईल. छपाईच्या दिवशी स्वतः मशीनजवळ उभं राहून ते प्रकरण द्यायचं, तोवर ते लोखंडी कपाटात. किल्ली बंडीच्या आतल्या खिशात.

"त्यात सोनं ठिवलं का काय?" लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या बायकोनं विचारलं.

"कागद आहेत," ते म्हणाले. कसले, ते तिलाही सांगितलं नाही.

ते प्रकरण बन्सीचं होतं. बन्सी म्हणजे चितेगावला शेती करणारा त्यांचा थोरला भाऊ. आजारपणात त्याचं एक वर्ष गेलं, म्हणून सातवीत दोघं एकाच वर्गात होते. बन्सीला मार्क जास्त पडले. पण वडील शहरात शिकायला एकालाच ठेवू शकत होते. तेव्हा बन्सी म्हणाला, "मला नाय जमत ते पुस्तक-बिस्तक. मला औत बरं." ते खोटं होतं हे घरातल्या मांजरालाही कळत होतं. सुदर्शन शहरात गेला, साहेब झाला, आणि पंचावन्न-छप्पन वर्षांत त्याबद्दल त्यानं भावाजवळ अवाक्षर काढलं नाही. तोंडानं जमत नव्हतं म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर आधीची एकवीस प्रकरणं या एकासाठीच लिहिली होती.

प्रुफं सुरू झाली. टायपिंग करणारी आमरीन सुदर्शनराव आत आले की फोनवर बोलता बोलता गप्प होई. एकदा तर तिनं "आले, ठेवते" म्हणून फोन ठेवलेला त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. खालच्या चहावाल्यानं त्यात भर घातली.

"साहेब, तुमच्या किताबची चौकशी करायला एक म्हातारा येतो. धोतर, टोपी. पैठणच्या बसनं येतो म्हणं."

सुदर्शनरावांनी लगेच ओळखलं. हा कडुबाच! शेजाऱ्याची अख्खी विहीर आपल्या हद्दीत ओढणारा कडुबा नवव्या प्रकरणात नावानिशी होता. पुस्तक बंद पाडायला आला असणार, आणि अन्सारभाई त्याला फितूर असणार. त्यांनी किल्ली खिशातून काढून गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

शेवटच्या प्रुफावर सही करताना त्यांनी बजावलं, "मशीनवर चढवायच्या दिवशी मला बोलवा. मी उभा राहणार."

"हौ साहेब, बोलावतो ना," अन्सारभाई म्हणाले, आणि आमरीनकडे पाहून हसले. ते हसू सुदर्शनरावांना अजिबात आवडलं नाही.

पंधरा दिवस फोन नाही. केला तर "बघू, दोन-चार दिवसांत." शेवटी एका दुपारी ते रिक्षा करून न कळवता औरंगपुऱ्यात धडकले. दारातच खाकी कागदातले गठ्ठे रचलेले होते. एक फाटला होता. आत त्यांचंच नाव छापलेलं दिसलं.

"छापलं? मला न सांगता?"

अन्सारभाई खुर्चीतून उठले. चोरी पकडली गेल्यासारखे नव्हे, वाढदिवसाचा केक आधीच कुणी पाहिला तसे. "अरे, मजा गेली सगळी! साहेब, तुमचे भाऊसाहेब येत होते ना इथं. गुरुवारी त्यांच्या दिलाचं ऑपरेशन हाय. म्हणले, त्याच्या आधी मला भावाची किताब ऐकायची, पर त्याला सांगू नका, आपण त्याला एकदम दाखवू. आमरीन रोज त्यांच्याशी फोनवर बोलायची. पैली कॉपी त्यांनीच नेली, चार दिवस झाले."

 सुदर्शनरावांना लाज वाटली, आणि तिच्या मागोमाग भीती आली. चार दिवस पुस्तक बन्सीजवळ होतं, आणि त्यात त्याचंच प्रकरण नव्हतं.

घरी पोचताच त्यांनी चितेगावला फोन लावला.

"ऐकलं ना," बन्सी म्हणाला. त्याची नजर अधू झालेली, म्हणून नात सायलीनं वाचून दाखवलं होतं. "परवाच संपलं. शेवटचं पान झालं तवा मी म्हणलं, पोरी, मागं अजून एखादं पान असंल, बघ जरा. ती म्हणली, नाय आबा, संपलं." मग तोच पुढं म्हणाला, "लई भारी लिवलं रं. समदे आले त्यात. तो कडुबासुदिक आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं सुदर्शनराव चितेगावला गेले. बन्सी ओसरीत बाजेवर पडून होता. त्याच्या पायाशी बसून त्यांनी बाविसावं प्रकरण मोठ्यानं वाचलं. मार्कांपाशी आवाज चिरकला. औतापाशी वाचताच येईना, तेव्हा डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.  वाचून झाल्यावर बन्सीनं कागद हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले, आणि अक्षर लागेना म्हणून नुसता अंगठा फिरवला.

"रातभर जागला व्हय रं?" त्यानं मायेनं विचारलं.

"दादा, नाही! तीन वर्षांपूर्वी लिहिलंय. कपाटात कुलपात होतं. छपाईच्या दिवशी देणार होतो."

"कुणाला दावलं हुतं?"

सुदर्शनराव आठवू लागले. पुण्याच्या प्रकाशकाकडं तरी गेलं होतं, पण तिथं कोणी वाचलं, त्याचं नावही माहीत नव्हतं. "लक्ष्मीला विचार," ते घाईनं म्हणाले. "तिनं कागद ठेवताना पाहिलंय."

बन्सी हसला. "घरचा पंच चालत नाय, सुदर्शन. तूच म्हणायचास."

मग त्यानं कागदांची नीट घडी केली, उशीखाली सारली आणि धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला.

"येका रातीत एवढं लिवलंस," तो म्हणाला. "बरं झालं बापानं तुलाच शाळंत धाडलं."