काचेतली गॅलरी

माझे वडील, नाना, चित्र काढायचे ते फोटोवर चौकटी आखून. हातातली एक चौकट सोडून बाकीचा फोटो कागदाने झाकायचा. आपण काय काढतोय हे कळलं की हात मनाचं घुसडतो, असं ते म्हणत.

त्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी धुळ्याला माहेरी आले, तेव्हा लखीचंदशेठच्या नव्या कापड दुकानाचं चित्र पुरं झालं होतं. दुकान आमच्या समोरच, आग्रा रोडवर. दर्शनी भागाला अखंड काच. चित्रातल्या काचेत टांगे, सायकली, आणि वर आमची गॅलरी, जिथे बसून नाना रंगवत.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी शेठ चित्र बघायला आले आणि दचकले.

"गुलाबभाऊ, माझी काच तडकली?"

चित्रातल्या काचेवर एक काळी, वाकडी रेघ होती. शेठ रस्ता ओलांडून गेले, काचेवरून हात फिरवून परत आले. "काच धड आहे. मग ही रेघ?"

"फोटोत आहे."

"उद्या मुहूर्त. तडकलेली काच भिंतीवर लावू? पुसा ती."

नानांनी फोटोतलं आजवर काही पुसलं नव्हतं. ही रेघ पुसली.

शेठ गेल्यावर मी फोटो नीट पाहिला. रेघ काचेच्या कडेपर्यंत जातच नव्हती. गॅलरीपाशी सुरू होऊन गॅलरीपाशीच संपत होती.

"नाना, हे काचेचं नाही. आपल्या गॅलरीचा तळ फाटलाय."

"चुन्याचे पोपडे असतील."

तेवढ्यात शेजारच्या बेबाबाई आखाजीचा झोका बांधायला दोर घेऊन आल्या. दरवर्षी झोका आमच्या गॅलरीतल्या कड्यांनाच. मी दार अडवलं. परसातल्या निंबाला बांधा म्हटलं.

"सासरी जाईसन भित्री व्हयनी का वं?" त्या हसल्या, पण गेल्या.

नाना गॅलरीतच रंगवत बसले होते. मी त्यांचा हात धरून आत ओढला.

"सोड, साडीला रंग लागेल. आत उजेड कुठाय? पुसलेली जागा दिसतेय, तेवढी बाकीच्या रंगात मिळवून घेतो."

शेठनी सांगितलं तर ऐकतील, म्हणून मी जिना उतरून धावले. रस्ता ओलांडताना समोरच्या काचेत आमची गॅलरी दिसली. चित्र लांबून बघायला नाना पाठीमागे, कठड्याकडे सरकत होते. त्यांच्या पायाखाली ती रेघ रुंद झाली.

मी वळेपर्यंत गॅलरी नव्हती.

मुहूर्त शेठनी पुढे ढकलला. काचेला ओरखडाही गेला नव्हता.