भिकाजीचा कान

तळाशीलच्या किनाऱ्यावर इतर माणसं हातावर पोट भरत, भिकाजी कानावर भरायचा. घोळ मासा पाण्याखाली घुमतो, अंड्यावर आलेली कोंबडी घशातल्या घशात बोलते तसा. होडीच्या पुढच्या टोकाला ओणवं व्हायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांडा उजव्या कानाला लावायचा. ज्याला देवानं कान दिलाय त्याला कळतं, खाली मासा आहे की नुसतं पाणी. गंगाराम तांडेलाच्या होडीवर हे काम आधी भिकाजीच्या बापानं केलं, मग भिकाजीनं. त्यानं हात वर केल्याशिवाय जाळ्याला कुणी शिवायचं नाही, खुद्द गंगारामानंही नाही. एवढा मान गावात शाळेच्या मास्तरालाही नव्हता.

सत्तावन्न साली पावसाच्या तोंडावर फ्लूची साथ आली. घरटी दोन-दोन माणसं आडवी झाली. भिकाजी नऊ दिवस तापानं फणफणला, दहाव्या दिवशी उठून बसला, वाडगाभर पेज प्याला आणि बायकोला म्हणाला, चुलीवरचं आधण उतरव, केव्हाचं गुणगुणतंय. चुलीवर काहीच नव्हतं.

तो आवाज उजव्या कानात होता आणि तो काही थांबेना. पहिले काही दिवस भिकाजीनं स्वतःची समजूत घातली, की ही दर्याची गाज, पावसाळ्यात असायचीच. पण शेजारच्या हौसाबाईला जिभेला हाड नव्हतं. चौकशीला म्हणून आली आणि माजघरात बसून म्हणाली, "आमच्या ह्येंच्या कानातय असोच आवाज येय होतो. म्हयनो काढूक नाय तेनी."

तिचा नवरा दमेकरी होता आणि दम्यानंच गेला, हे साऱ्या गावाला ठाऊक. भिकाजीलाही ठाऊक होतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. त्या दिवसापासून तो महिना मोजायला लागला. उठल्याबरोबर आरशाच्या तुकड्यात जीभ बघायची, मग मनगट धरून नाडी. जेवताना घास घशात अडकला की हे काळजाचं, पायाला मुंग्या आल्या की हे अंगावरून वारं. महिना सरला, माणूस जिवंत, तर म्हणे आता दुसरा. लसूण घालून कढवलेलं खोबरेल कानात झालं, कांद्याचा रस झाला, वालावलीच्या वैद्याची पूड झाली. लोक डोळ्यांत तेल घालून जागतात, हा कानात घालून जागायचा.

चंद्रावती, त्याची बायको, सोसणारी होती. पण सोसण्यालाही तळ असतो. दिवसातून दहादा तो तिला आपल्या कानाला कान लावायला सांगायचा आणि विचारायचा, "तुका ऐकाक येता काय गो?" येत नाही म्हटलं की म्हणायचा, लपवतेस. एकदा वैतागून ती म्हणाली, "येता." त्यावर भिकाजी पांढराफटक पडला. "म्हणजे भायर इलो तो," एवढंच बोलला आणि दोन दिवस अंथरुणातून उठला नाही. त्यानंतर ती बिचारी खोटं बोलायलासुद्धा घाबरू लागली.

एक आशा मात्र त्यानं धरून ठेवली होती. नारळी पुनवेला दर्यात नारळ पडेल, होड्या सुटतील, वल्हं कानाला लागेल आणि खरा आवाज ऐकला की हा खोटा आपोआप मरेल.

होड्या सुटल्या. पहिल्याच दिवशी भिकाजीनं दांडा कानाला लावला आणि त्याचा चेहरा खुलला. खाली घोळच घोळ घुमत होती. त्यानं हात वर केला. जाळं रिकामं आलं. थोडं पुढे जाऊन डाव्या कानाला लावलं, तिथेही तेच घुमणं, तेच रिकामं जाळं. तिसऱ्यांदा जाळं तळच्या खडपात अडकून फाटलं. घोळ त्याला सगळीकडे ऐकू येत होती, कारण ती त्याच्या डोक्यात होती. परतताना होडीत कुणी त्याला एक शब्द बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मालवणच्या डॉक्टरनं त्याला तपासलं, कानात उजेड टाकून पाहिलं आणि हसत म्हणाला, "नाडी उत्तम, काळीज उत्तम. तापानं जाताना ठेवलेली खूण आहे ही. यावर औषध नाही. पण यानं कोणी मरत नाही, ऐंशी वर्षं जगशील."

भिकाजी तेव्हा एक्केचाळीसचा होता. इतके दिवस त्याला मरणाची भीती होती. आता हे एकोणचाळीस वर्षं ऐकत राहायचं, ही नवी भीती घेऊन तो घरी आला.

आठ दिवसांनी गंगाराम स्वतः दारात आला. म्हणाला, "घरात बसान कान बरो जाऊचो नाय. चल दर्यार." नको नको म्हणत भिकाजी गेला. भीत भीत हात वर केला, आणि जाळ्यात घोळ आली. दुसऱ्या दिवशी आली, चौथ्या दिवशी तर ओढताना सहा जणांची दमछाक झाली. "कान तो कान," गंगाराम म्हणाला. भिकाजी जेवायला लागला. आरशाचा तुकडा कुठे ठेवला तेही विसरला. आवाज होताच, पण डॉक्टर शहाणा की मासा शहाणा, असं तो लोकांना हसत विचारू लागला.

एक दिवस दर्यावरून आल्यावर अंगणात बसून त्यानं कानात तेल घालायला सांगितलं. चंद्रावतीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि उजव्या कानातून तेलकट कापसाचा बोळा काढला.

"ह्यो केदवाचो?" त्यानं विचारलं.

"सकाळी घातलेलो तोच," ती सहज बोलून गेली, आणि मग तिचा हात थांबला.

सकाळी, या बोळ्यासकट, त्यानं वल्हं कानाला लावलं होतं. रोजच्यापेक्षा मोठी घुमली होती घोळ. हात वर केला होता, आणि जाळं भरून आलं होतं.

त्यानं वर तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं नव्हतं. बोळा मुठीत दाबून ती माडांकडे बघत होती. गंगारामाच्या दारात पदर पसरायला कोण गेलं होतं, हे त्यानं विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा होडीवर गेला. न जाऊन करणार काय, आणि बसणार कुठे? पुढच्या टोकाला ओणवा झाला, दांडा कानाला लावला. आवाज होताच. मागे वळून त्यानं पाहिलं नाही. पण होडीत जन्म गेलेल्या माणसाला तिचा कल कळतो. त्याच्या पाठीमागे, दुसऱ्या टोकाला, होडीवरचा खलाशी लवू दुसरं वल्हं कानाला लावून हळूच पाण्याकडे वाकला, तशी होडी बोटभर कलली. लवूला हे ऐकणं भिकाजीनंच शिकवलं होतं, चार वर्षांपूर्वी, हौसेनं. लवूनं मान हलवली की मगच गंगाराम विचारतो, हेही त्याला आता उमगलं.

"काय रे, आसा?" गंगारामानं विचारलं. त्याच्या आवाजात इतकी माया होती, की भिकाजीला रडू फुटेलसं झालं.

तो थांबला. लवू सरळ झाला, होडी सरळ झाली.

"आसा," भिकाजी म्हणाला, आणि त्यानं हात वर केला.