दोन दिवसांपुरता नंबर

बर्फवाल्या काकांच्या नावापुढच्या चौकटीत तिने खूण केली आणि ‘खातं बंद करा’ या बटणावर बाण नेऊन ठेवला. बोट मात्र खाली जाईना. टेबलापलीकडे मोठे साहेब चौकशीचे कागद लावत होते. त्यांच्या शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेला, काका बसले होते; धुतलेला शर्ट, गुडघ्यांवर हात.

औषधांच्या या गोदामात शीतखोल्यांची यंत्रं काका सांभाळायचे, म्हणून सगळ्यांचे ते बर्फवाले. ते कंपनीचे नव्हते, बाहेरच्या ठेकेदाराचे होते. त्यामुळे चहासुद्धा त्यांच्यापर्यंत पोचेतो निवलेला असायचा.

ती लॉगिनवाली ताई. माणूस आपला असो की ठेकेदाराचा, कुणी कुठल्या यंत्रणेत शिरायचं आणि कुणी नाही, हे तिच्या हातात होतं. पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवून ठेवणाऱ्या टायपिस्टला तिने एकदा भर जेवणाच्या सुट्टीत असं फैलावर घेतलं होतं, की ती बिचारी डबा तसाच बंद करून उठली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ताईला तेव्हा आठवली नव्हती. गेले चार दिवस दुसरं काही आठवत नव्हतं.

रविवारी दुपारी काकांच्या नावाने कुणीतरी यंत्रणेत शिरलं आणि चार नंबरच्या खोलीचं तापमान वाढवून ठेवलं. सोमवारी तिथला सगळा साठा फेकून द्यावा लागला. काका म्हणाले, मी घरी होतो, यंत्रणेला हातसुद्धा लावला नाही. पण नोंदीत त्यांचं नाव होतं. पासवर्डनंतर फोनवर येणारा सहा आकडी कोडही बरोबर टाकलेला होता. म्हणजे काकाच, असं सगळ्यांचं ठरलं.

तो कोड काकांच्या फोनवर येतच नव्हता, हे या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी काका कामाला लागले तेव्हा त्यांच्या घरात एकच फोन होता, तोही आजारी बायकोच्या उशाशी. नंबराशिवाय खातं उघडेना आणि खात्याशिवाय काम मिळेना. तेव्हा तिने दोन दिवसांपुरता म्हणून स्वतःचा नंबर टाकला. दोन दिवसांची दोन वर्षं झाली. काका रोज सकाळी गोदामातल्या भिंतीवरच्या फोनवरून विचारायचे, “ताई, मोकळ्या आहात का?” आणि मगच कोड मागायचे. ठेकेदाराच्या बाकीच्या माणसांनाही ही सोय ठाऊक होती, काका पासवर्डही त्यांच्यादेखतच टाकायचे, कधीमधी त्यावरून थट्टाही चालायची. अलीकडे काकांनी स्वतःचा फोन घेतला, तिला कौतुकाने आणून दाखवलाही. खात्यातला नंबर बदलायचं तिने उद्यावर टाकलं.

रविवारी ती पार्लरमध्ये डोक्याला कलप लावून बसली होती. अनोळखी नंबरवरून फोन आला. मी बर्फवाला बोलतोय, ताई, कोड सांगा लवकर. आवाज जरा घोगरा वाटला. मोकळ्या आहात का, हेही त्याने विचारलं नव्हतं. पण कलपाचा ओघळ मानेवरून खाली उतरत होता. हा काकांच्या नव्या फोनचा नंबर असेल असं धरून तिने सहाही आकडे वाचून दाखवले.

आणि काल साहेबांनी काकांना सरळ विचारलं होतं, तुमचा कोड आणखी कुणाला कळतो का? काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नाही साहेब,” ते म्हणाले होते. “माझं मलाच.”

ती समोर बसून हे लिहून घेत होती. स्वच्छ, वळणदार अक्षरात. स्वतःची किळस आली, तरी तिचं पेन थांबलं नाही.

“झालं का?” साहेबांनी विचारलं.

तिने बटण दाबलं.

बाहेरच्या माणसाचं खातं त्याच्यादेखत बंद करायचं, नोंदलेल्या नंबरवर तसा मेसेज येतो, त्याचा फोटो फाईलला लावायचा. हा नियम तिनेच केलेला. म्हणूनच सकाळी तिने फोनचा आवाज बंद करून तो पर्समध्ये खोल सरकवला होता. पण पर्समध्ये किल्ल्या होत्या. टेबलावरची पर्स गुरगुरली.

साहेबांनी मान वर केली. “मेसेज आला?”

काकांनी घाईघाईने खिशातला फोन काढला, काळ्या पडद्याकडे पाहिलं.

“आला साहेब.”

फोटो काढून घ्या, असं साहेबांनी तिला सांगितलं आणि ते पुन्हा कागदांत बुडाले. काकांनी फोन तिच्यापुढे धरला, पडद्यावर अंगठा ठेवून. खोटं बोलायचा सराव त्यांना नव्हता, तरी ते तिच्यासाठी खोटं बोलत होते.

फोटो काढायला तिला आपलाच फोन बाहेर काढावा लागला. पडद्यावर काकांचं नाव होतं, खाली त्यांचं खातं बंद झाल्याची ओळ. तिने फोन साहेबांपुढे ठेवला.

“मेसेज इथे आलाय,” ती म्हणाली. “काकांचे कोड माझ्या फोनवर येतात. रविवारचाही आला होता. कोण बोलतंय याची खात्री न करता मी तो सांगून टाकला.”

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली.

“काल तुम्ही इथेच बसला होतात,” ते म्हणाले.

आधी यांचं खातं चालू करा, साहेबांनी सांगितलं. तुमचं काय करायचं ते नंतर पाहू.

तिने नवा फॉर्म उघडला. नंबराच्या रकान्यापाशी थांबून, दोन वर्षांत पहिल्यांदाच, तिने काकांना त्यांचा नंबर विचारला. काकांनी तो एकेक आकडा करत सांगितला. थोड्या वेळाने त्यांच्या हातातला फोन उजळला. कपाळावरचा चष्मा खाली ओढून ते तिला ऐकू जाईल असं वाचू लागले, “चार, सात...”

“मला सांगू नका, काका,” ती म्हणाली. “कुणालाच सांगायचा नसतो.”

तिने कीबोर्ड उचलून त्यांच्यापुढे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.